बायोप्सीच्या रिपोर्टात लिम्फोसाइटची ओळ शोधा

मिरजेत गेली २६ वर्षं मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काचा वाचते आहे. लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट न्यायला आलेली माणसं बहुधा दोनच गोष्टी विचारतात. "मॅडम, कॅन्सरच आहे का?" आणि "कितवी स्टेज?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण त्याच रिपोर्टात, बऱ्याचदा दुसऱ्या पानावर खाली, आणखी एक नोंद असते: गाठ वाढत असताना शरीराने तिच्याभोवती काय केलं. ती ओळ फारसं कोणी वाचत नाही. ती कशी शोधायची, नसेल तर कशी मागायची आणि तिच्यावरून डॉक्टरांना काय विचारायचं, हे घरच्या माणसांसाठी लिहिते आहे. औषध ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचंच. तुम्ही मात्र योग्य प्रश्न घेऊन त्यांच्यासमोर बसावं, एवढी माझी इच्छा आहे.

आधी काचेवर काय दिसतं ते समजून घ्या

कापलेल्या तुकड्याची केसापेक्षा पातळ चकती काचेवर घेऊन आम्ही ती दोन रंगांत रंगवतो. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. कॅन्सरच्या पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या. आणि त्यांच्या आसपास कधी मोहरी सांडल्यासारखे बारीक, गोल, गडद ठिपके असतात. त्या लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या राखणदार पांढऱ्या पेशी. गाठीत नुसत्या कॅन्सरच्या पेशी कधीच नसतात. धागे विणणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्या, मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी, हे सगळं मिळून गाठीची जमीन तयार होते.

जमीन हा शब्द मी सोयीसाठी घेतलेला नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि बी व जमीन यांचीच उपमा दिली. बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीत. माझ्या वडिलांची तासगाव भागात द्राक्षबाग होती. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "यात नवीन काय?"

काचेवर मला साधारण तीन चित्रं दिसतात. पहिल्यात लिम्फोसाइट थेट रानात शिरलेल्या असतात, कॅन्सरच्या पेशींना चिकटून. दुसऱ्यात त्या बांधावर थांबलेल्या असतात: आल्यात, संख्येनेही भरपूर आहेत, पण आत पाऊल नाही. तिसऱ्यात रान ओसाड, त्या आलेल्याच नाहीत. डॉक्टर मंडळी पहिल्या प्रकाराला 'हॉट', तिसऱ्याला 'कोल्ड' म्हणतात.

बांधावरच का अडतात? कारणं बरीच आहेत. धागे विणणाऱ्या पेशी कोलॅजनची इतकी दाट जाळी घालतात की वाटच राहत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या वाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे आत ऑक्सिजन कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त. अशा जागी राखणदार पेशी थकतात. काही मॅक्रोफेज फितूर होतात आणि गाठीलाच रसद पुरवतात. शिवाय कॅन्सरची पेशी स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन उभं करते. ते लिम्फोसाइटवरच्या पीडी-१ या कळीला टेकलं की लिम्फोसाइट शांत बसते. ही कळ एरवी शरीराच्या भल्यासाठी असते, राखणदारांनी स्वतःच्याच घरावर हल्ला करू नये म्हणून. कॅन्सर तिचा गैरफायदा घेतो. पीडी-१ ओळखणारे जपानचे तासुकु होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या अशाच कळीवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ही कळ सोडवून राखणदारांना पुन्हा कामाला लावणारी आजची इम्युनोथेरपी त्याच कामातून आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारायची गोष्ट

रिपोर्टाकडे जाण्याआधी एक सांगते, कारण ही वेळ गेली की परत येत नाही.

माझ्या मावशीचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन एका तालुक्याच्या गावी झालं. कापलेलं आतडं रात्रभर सलाईनमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलं. सकाळी कोणीतरी एसटीने ते पुढे पाठवलं. कॅन्सर आहे एवढं त्यावरून कळलं, स्टेजही लिहिली गेली. पुढे मी तिचा ब्लॉक, म्हणजे तुकडा मेणात बसवून केलेला ठोकळा, मागवून राखणदारांशी संबंधित तपासण्या करायला घेतल्या, तेव्हा रंगच धरेना. पेशी आतून कुजल्या होत्या. मावशी दोन वर्षांत गेली, आणि त्या गाठीने आम्हाला जे सांगायला हवं होतं ते तिच्याबरोबरच गेलं. काय सांगायला हवं होतं, ते पुढे येईलच.

म्हणून सर्जनना किंवा ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना नम्रपणे विचारा: "तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकणार?" उत्तर 'लगेच, तासाभराच्या आत' असं हवं. फॉर्मॅलिन १० टक्क्यांचं, बफर केलेलं. तुकड्याच्या निदान दहापट. आणि बरणी रुंद तोंडाची. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा आत जातो, पण घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत मुरतं, म्हणून आतड्यासारखा मोठा अवयव उघडून ठेवावा लागतो. किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहिला तर पुढच्या सगळ्या तपासण्या नीट होतात. बरणी तुमच्या हातात देऊन 'लॅबला नेऊन द्या' असं सांगितलं, तर रस्त्यात नातेवाइकांकडे मुक्काम करू नका. सणावाराची सुटी मध्ये येत असेल तर आधी लॅबला फोन करा.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये: चार नावं

या विषयाचा सगळ्यात स्पष्ट धडा आतड्याच्या कॅन्सरनेच दिला. पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की गाठीच्या मध्यात आणि कडेला किती टी-लिम्फोसाइट (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) आहेत, यावरून पुढचा अंदाज नेहमीच्या स्टेजिंगइतका, कधी त्याहून चांगला लागतो. पुढे त्यातूनच 'इम्युनोस्कोर' ही मोजणी तयार झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मोठ्या पडताळणीत १३ देशांतले २६८१ रुग्ण होते आणि अहमदाबादची कॅन्सर संस्थाही त्यात सहभागी होती. ही मोजणी आपल्याकडे रोजच्या रिपोर्टात येत नाही, तिचा आग्रह धरू नका. आग्रह धरायचा तो वेगळ्या गोष्टीचा.

रिपोर्टात 'एमएमआर' किंवा 'मिसमॅच रिपेअर' हे शब्द शोधा. त्याखाली चार नावं असतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. चारही नावांपुढे 'रिटेन्ड' किंवा 'इन्टॅक्ट' असेल तर दुरुस्ती चालू आहे. एखाद्यापुढे 'लॉस' असेल तर ती बंद पडली आहे. मग चुका साचत जातात, त्यांतून शरीराने कधी न पाहिलेली प्रथिनं तयार होतात आणि राखणदारांना ती परकी वाटतात. म्हणूनच अशा गाठीभोवती लिम्फोसाइटची झुंबड दिसते. रिपोर्टात कधी 'क्रोन्स-लाइक रिॲक्शन' असे शब्द दिसतील. घाबरू नका, तो क्रोन्स नावाचा आजार नव्हे. कडेने लिम्फोसाइटची गोल वस्ती बसली आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो चांगला अर्थ आहे.

आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली सापडते. चौथ्या स्टेजमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि ती घटसुद्धा राखणदारांच्या कामाची खूण मानली जाते.

'लॉस' लिहिलं असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच. पहिली: स्टेज दोन असेल तर केमो खरंच लागेल का? अशा रुग्णांचा अंदाज मुळातच बरा असतो आणि नुसत्या फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा किंवा त्याच्या गोळ्यांचा त्यांना फायदा होत नाही. दुसरी: आजार पसरलेला असेल तर इम्युनोथेरपी आधी देता येईल का? २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांचा आजार पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर सरासरी १६.५ महिने आटोक्यात राहिला, केमोवर ८.२ महिने. न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या अशाच कॅन्सरच्या पहिल्या १२ रुग्णांना २०२२ पर्यंत नुसतं डोस्टारलिमॅब हे तशाच प्रकारचं औषध देऊन पाहिलं. बाराही जणांची गाठ पूर्ण विरघळली, ना ऑपरेशन लागलं ना शेक (रेडिएशन). तिसरी, माझ्या घरची: हे आनुवंशिक आहे का? त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एमएलएच१ गेलं असेल तर ते बऱ्याचदा वयोमानाने, आनुवंशिक नसलेल्या कारणानेही जातं, आणि त्याची वेगळी तपासणी असते. एमएसएच२ गेलं असेल तर मात्र घराण्याकडे बघायलाच हवं.

मावशीच्या धाकट्या मुलाला २०२१ मध्ये, ४१व्या वर्षी, आतड्याचाच कॅन्सर निघाला. त्याचा तुकडा मी स्वतः फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आणला. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही गायब. कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं फिकट निळी, आणि त्यांच्यामधल्या लिम्फोसाइटची केंद्रकं छान तपकिरी. या तपासणीत रुग्णाच्या स्वतःच्याच निरोगी पेशी साक्षीदार असतात. त्या रंगल्या म्हणजे तपासणी विश्वासाची. मावशीच्या काचेवर हे साक्षीदारच रंगले नव्हते. आजीला 'पिशवीचा' कॅन्सर होता, हे त्या दिवशी आठवलं. गर्भाशयाचा कॅन्सर लिंचमध्ये वारंवार दिसतो. मावशीच्या वेळी हे कळलं असतं तर धाकट्याची कोलोनोस्कोपी वेळेत झाली असती. त्याची गाठ दुसऱ्या स्टेजमध्ये सापडली, केमो लागली नाही, तो बरा आहे. मोठा भाऊ आणि बहीण दोघांनीही रक्ताची जनुकीय तपासणी करून घेतली. सख्ख्या भावंडांमध्ये आणि मुलांमध्ये हा दोष येण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असते.

तोंडाचा आणि स्तनाचा

आपल्याकडे मिश्री, तंबाखू-चुना आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरच्या काचा माझ्याकडे रोज येतात. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात 'लिम्फोसायटिक होस्ट रिस्पॉन्स' अशी ओळ शोधा. पुढे 'स्ट्रॉंग', 'इंटरमीडिएट' किंवा 'वीक' लिहिलेलं असतं. स्ट्रॉंग म्हणजे गाठीच्या कडेने लिम्फोसाइटचा सलग पट्टा. वीक असेल, आणि त्याच्या वर 'पेरिन्यूरल इन्व्हेजन'पुढे 'प्रेझेंट' असेल, म्हणजे कॅन्सर नसेभोवती सरकलेला असेल, तर गाठ लहान असली तरी पुढच्या उपचाराबद्दल नीट चर्चा करून घ्या. ओळच नसेल तर लॅबमध्ये जाऊन विचारा. काच तीच असते, पुन्हा पाहून लिहायला आम्हाला पाच मिनिटं लागतात. मी तरी कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये शब्द आहे 'स्ट्रोमल टीआयएल' आणि पुढे टक्के. गाठीतल्या मोकळ्या जागेपैकी किती जागा राखणदारांनी व्यापली, त्याचा हा अंदाज. मोजायची पद्धत २०१४ पासून जगभर एक झाली आहे. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या दोन्ही आणि हर-टू या तिसऱ्या तपासणीतही निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारांत हा आकडा मोलाचा. केमो न घेतलेल्या, सुरुवातीच्या ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या २०२४ च्या एका अभ्यासात पहिल्या स्टेजच्या ज्या रुग्णांचा टीआयएल ५० टक्के किंवा जास्त होता, त्यांतल्या ९४ टक्के जणी पाच वर्षांनंतर आजार दूर न पसरता होत्या. ३० टक्क्यांहून कमी असलेल्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. पण म्हणून आपण होऊन केमो सोडू नका, तसा नियम अजून झालेला नाही. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात हा आकडा अशा अर्थाने वापरत नाहीत, तेव्हा मैत्रिणीच्या रिपोर्टाशी तुलना करून रडू नका.

आणि सगळ्या अवयवांना एकच नियम लावू नका. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये टी-लिम्फोसाइटची गर्दी उलट वाईट अंदाजाशी जोडलेली आढळते. गर्दी किती यापेक्षा त्या जागत्या आहेत की थकून बसल्या आहेत, हे तिथे महत्त्वाचं ठरतं.

पीडी-एल१ चा आकडा

हा आकडा पाहून घरोघरी सर्वाधिक गोंधळ होतो. आकड्याआधी टीपीएस लिहिलंय की सीपीएस ते बघा. टीपीएसमध्ये फक्त पीडी-एल१ च्या तपासणीत रंगलेल्या कॅन्सर पेशी मोजतात. फुप्फुसात तो वापरतात आणि तिथे ५० ही महत्त्वाची पायरी आहे. सीपीएसमध्ये रंगलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजही धरतात. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये १ पासून पुढे इम्युनोथेरपीच्या औषधाचा विचार होतो, पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये १० पासून. म्हणजे एकाचा १० आणि दुसऱ्याचा १० सारखे नव्हेत. शिवाय कोणत्या अँटिबॉडीने तपासलं तेही रिपोर्टात हवं: २२सी३, एसपी२६३, एसपी१४२ अशी त्यांची नावं. वेगवेगळ्या औषधांसाठी वेगवेगळी ठरलेली असते, तेव्हा ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) 'कोणती करून आणू?' असं विचारूनच पैसे भरा. आकडा शून्य आला म्हणजे दार बंद, असंही नाही. आतड्यात तर पीडी-एल१ पेक्षा वरची चार नावंच महत्त्वाची.

खर्चाचं मला माहीत आहे. शेत विकायला निघालेली माणसं माझ्या खिडकीशी उभी राहिली आहेत. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मुद्दाम सांगते. २०२२ मध्ये त्यांनी डोके-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या या रुग्णांना निम्म्या गटात घरी घ्यायच्या कमी मात्रेच्या गोळ्या, आणि उरलेल्या निम्म्यांत त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा, दर दोन आठवड्यांनी. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये 'हे औषध परवडणार नाही' असं ऐकलंत, तर कमी मात्रेच्या पर्यायाबद्दल नक्की विचारा.

औषध सुरू झाल्यावर घरात काय पाळायचं

इम्युनोथेरपीने केस गळत नाहीत, म्हणून ती सौम्य आहे असं घरचे धरून चालतात. राखणदारांची कळ सोडवल्यावर ते निरोगी अवयवांवरही जाऊ शकतात. दिवसाला नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा दम, कावीळ, छातीत दुखणं, न जाणारा थकवा, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टना फोन. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून वाट पाहत बसू नका. हे त्रास औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही होतात, तेव्हा फाईलच्या वरच कागद लावा: 'या रुग्णाने इम्युनोथेरपी घेतली आहे.' गावच्या डॉक्टरांना ते पहिल्या नजरेत दिसायला हवं.

स्टेरॉइडचं उलटसुलट आहे, नीट समजून घ्या. वरचा त्रास झाला तर स्टेरॉइड हेच औषध, ते नाकारू नका. पण कारणाशिवाय, अशक्तपणासाठी घेतलेलं 'शक्तीचं इंजेक्शन' किंवा सांधेदुखीवरची बिननावाची पुडी यांत ते असू शकतं, आणि इम्युनोथेरपीच्या सुरुवातीला अंगात स्टेरॉइड असलेल्यांना तिचा फायदा कमी झालेला दिसतो. काय काय घेता ते सगळं सांगा, लाजू नका.

आणि काढे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून प्रेमाने कोणी गुळवेल, कोणी आणखी काही आणून देतं. पण तुम्ही काचेवरचं चित्र आता वाचलंत: बहुतेकदा अडचण रक्तात राखणदार कमी असण्याची नसते, ते गाठीच्या बांधावर अडलेले असतात. काढा ती जाळी उघडत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इम्युनोथेरपी चालू असताना यकृताची एन्झाइम वाढली, तर ती औषधाने की काढ्याने हे कळेनासं होतं आणि चांगलं चालणारं औषध थांबवावं लागतं. त्यापेक्षा डाळ, अंडी, दूध, जे पचेल ते पोटात जाऊ द्या, वजन दर आठवड्याला लिहून ठेवा, आणि तंबाखू त्या दिवसापासून बंद.

राहिला ब्लॉक. तुकडा मेणात बसवून केलेला बोटाच्या पेराएवढा तो ठोकळा लॅबमध्ये जपलेला असतो. दुसऱ्या शहरात मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. अर्ज देऊन ब्लॉक आणि काचा मागून घ्या, पोचपावती द्या, काम झालं की ब्लॉक परत आणून द्या. नव्या तपासणीसाठी महिनोन्महिने आधी कापून ठेवलेल्या कोऱ्या काचा नकोत, ताज्या कापायला सांगा. आणि उन्हाळ्यात तो ठोकळा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते, वितळतं. डब्यात घालून पिशवीत, अंगाजवळ ठेवा.